पांघरुणाखालचा भात

जॉन्जू शहरातल्या आमच्या गल्लीत मालसुन ताईंच्या दारावर नगरपालिकेने पाटी ठोकली आहे: 'जुन्या काळच्या राहणीचा नमुना.' त्या जुन्या काळात ताई रोज पहाटे उठतात, चुलीत लाकडं सारतात, तांदूळ धुतात आणि नऊ वाजता मी फाटक उघडायच्या आत अंगण झाडून मोकळ्या होतात. मी फाटकाशी खिडकीत बसून तिकिटं फाडते. पस्तीस वर्षं शेजारीण म्हणून या घरात वाटेल तेव्हा शिरले, आता त्याच दारात बसून लोकांना सांगते, बूट काढा, उंबऱ्यावर पाय देऊ नका.

लोक येतात ते भाड्याचे रेशमी कपडे घालून. आपल्या जुन्या पोशाखात येईल त्याला आत फुकट, असा नियम आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी गल्लीत राजकन्यांचा सुळसुळाट असतो, पायात मात्र सगळ्यांच्या खेळायचे पांढरे बूट. आधी राजाची तसबीर ठेवलेलं देवस्थान बघायचं, मग पंख्यांचं संग्रहालय, मग काठीला टोचलेलं काहीतरी चघळत आमच्याकडे यायचं. मी काठ्या टाकायला बादली ठेवली आहे, तरी अंगणात सापडतातच.

आतल्या खोलीत सगळे एकाच ठिकाणी थांबतात. चुलीचा धूर आमच्याकडे जमिनीखालून जातो, म्हणून चुलीलगतचा कोपरा खोलीत सगळ्यात उबदार. तिथे एक जाडजूड रजई पसरलेली, आणि रजईखाली काशाचं झाकणाचं भांडं. प्यो नावाची मुलगी लोकांना घर दाखवते, ती रजई उचलून गोड आवाजात सांगायची, "जुन्या काळी घरातलं माणूस बाहेर असलं, की आई त्याच्या वाट्याचा भात असा झाकून ठेवायची. परत आल्यावर त्याला गरम मिळावा म्हणून." लोक हळहळायचे, फोटो काढायचे आणि पुढे सरकायचे.

जुन्या काळी म्हणे! त्या भांड्यात त्याच दिवशी सकाळी साडेसातला वाढलेला भात असायचा. हे फक्त दोघींना माहीत होतं, ताईंना आणि मला.

भांडं दॉकसूचं, ताईंच्या एकुलत्या एका मुलाचं. सहा वर्षांपूर्वी ताईंनी घर नगरपालिकेला जतन करायला दिलं, जिवंत असेपर्यंत इथेच राहीन एवढ्या अटीवर. दॉकसूला तिथे कॉफीचं दुकान काढायचं होतं. ज्या सकाळी सही झाली त्या सकाळी त्याने भिंतीपलीकडे मला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगितलं, "भिंती जपल्यास ना? आता भिंतींनाच जेवायला वाढ!" समोर भात वाढलेला होता. चमचाही न उचलता तो उठला, बायकोला आणि वर्षाच्या पोरीला घेऊन उल्सानला गेला आणि तिथल्या जहाजांच्या कारखान्यात लागला. सणाला फोन यायचा, तो पाण्याचा घोट घेऊन होईपर्यंत संपायचा. वडिलांचं श्राद्धही तो तिकडेच करू लागला, त्यावर मात्र ताई माझ्यासमोर रडल्या.

तेव्हापासून रोज सकाळी भात झाला की पहिला उलथनंभर दॉकसूच्या भांड्यात. संध्याकाळी फाटक बंद झालं की तो शिळा भात गरम पाणी ओतून ताई स्वतः खायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "ताई, सहा वर्षांत तुम्ही एकदा तरी सकाळचा भात सकाळी खाल्लात का?"

"तू तुझी तिकिटं फाड," त्या म्हणाल्या.

गेल्या कार्तिकात एका पाहुणीने कुतूहल म्हणून झाकण उघडलं आणि दचकून सगळा भात रजईवर सांडला. दोन दिवसांत नगरपालिकेचे मेंग साहेब खोका घेऊन हजर. माणूस तसा सज्जन, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तर त्याला घाम फुटतो.

"आजी, मुंग्या होतील, कोणी आजारी पडेल. प्रदर्शनात खरं अन्न चालत नाही. हे बघा, सोलहून करून आणलंय." खोक्यात चिनी मातीच्या भांड्यात मेणाचा भात होता. शीत न् शीत वेगळं दिसत होतं, वर मेणाचीच वाफ काढायची तेवढी राहिली होती.

ताईंनी बोट लावून पाहिलं. "कोण खाणार हा?"

"खायचा नाही आजी, दाखवायचा."

"मग ठेव बाबा. दाखवायचं काम तुझं."

एवढ्या सहज त्या हार मानतील असं मला वाटलं नव्हतं. साहेबांनी रजईपुढे बुटकं मेज मांडलं, त्यावर मेणाचा भात ठेवला, समोर तांबडी दोरी बांधली आणि रजईला आता कोणी हात लावायचा नाही असं प्योला बजावलं. ते गेल्यावर मी विचारलं, "ताई, आणि दॉकसूचं भांडं?"

"आहे माझ्याकडे." पुढे काही विचारायची सोय नव्हती. मला वाटलं, फडताळात गेलं असेल. खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा रागच आला. सहा वर्षं धरलेला हट्ट असा मेणापुढे सोडायचा?

पुढच्या शनिवारी खिडकीसमोर एक माणूस आला. टोपी खाली ओढलेली, हातांवर ठिणग्यांचे डाग. "दोन द्या. मुलगी जुन्या पोशाखात आहे."

आवाजावरून ओळखलं मी. "दॉकसू? अरे मेल्या, स्वतःच्या घराचं तिकीट काढतोस?"

"काकू, हळू बोला ना." तो लाल झाला. "पोरीला नुसतं घर दाखवतो आणि निघतो. दीडची गाडी आहे."

मागे त्याची बायको हेरिम पोरीच्या झग्याच्या फिती बांधत होती. ती माझ्याकडे बघून हताशपणे म्हणाली, "सोल झालं, ग्योंगजू झालं, सगळी देवळं नि थडगी दाखवून झाली. सोदाम विचारते, बाबा कुठल्या घरात वाढले? शेवटी आणलं यांना ओढून."

"मी आईला हाक मारते," मी म्हटलं.

"नको." त्याने खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं. "काय तोंडाने भेटू, काकू? तिने मला विसरून घर सांभाळलं. तिला तसंच सुखात राहू द्या."

ताई तेव्हा परसात होत्या. हिवाळ्याच्या किमचीसाठी मिठात घातलेल्या कोबीचे पन्नासेक गड्डे धुवायचे होते, म्हणजे तासभर तरी त्या पुढे येणार नव्हत्या. मी दोन तिकिटं फाडली. मग खिडकी लावून घेतली आणि त्या तिघांच्या मागोमाग आत गेले. नियमात बसत नसेल तर नसो.

प्योने नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. जुन्या काळी, घरातलं माणूस बाहेर असलं, की आई... दॉकसू सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. सोदाम दोरीखालून वाकली, तिने मेणाच्या भाताला बोट लावलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "बाबा, खोटा आहे!"

लोक हसले. दॉकसूही हसला, पण त्याचा चेहरा उतरला तो मी पाहिला. असंच असणार, असं मनाशी ठरवून आलेला माणूस होता तो, आणि तरीही त्याला लागलं. त्याने घड्याळ पाहिलं. "चला," तो बायकोला म्हणाला. "पाहून झालं."

माझा जीव तुटत होता. सोदामला आणायला तो दोरीपाशी गेला. तिला उचलायला वाकला आणि मग काय झालं त्याचं त्याला ठाऊक. लहानपणी शाळेतून आला की दप्तर टाकून जे करायचा तेच त्याने केलं. दोरी ओलांडली, गुडघ्यांवर बसला आणि रजईखाली कोपरापर्यंत हात घातला.

"अहो काका!" प्यो ओरडली. "आत जायचं नाही! वस्तूंना हात लावू नका!"

त्याचा हात तिथेच थांबला. मग त्याने तो हळूहळू बाहेर काढला, फडक्यात गुंडाळलेल्या भांड्यासकट. झाकण उचललं तेव्हा आतून पाण्याचे थेंब त्याच्या मनगटावर ओघळले.

"गरम आहे," तो म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "काकू, हा गरम आहे."

मी पदर नसलेली बाई, बाहीनेच डोळे पुसत होते.

ओरडा ऐकून ताई परसातून आल्या. कोपरापर्यंत मीठपाणी, अंगात रबरी एप्रन. मुलगा रजईपाशी बसलेला त्यांनी पाहिला आणि दाराची चौकट धरली. मग त्यांनी प्योकडे पाहिलं.

"ओरडू नकोस गं त्याला. त्याच्याच वाट्याचा आहे तो." आणि मग सहा वर्षांनी मुलाला पहिलं वाक्य: "चमचा त्याच फडताळात आहे. हात धुऊन ये."

तो उठला, हात धुऊन आला. पाहुण्यांपैकी कोणी फोटो काढला नाही, हे त्यांचं मला कौतुक वाटलं. त्याने भांडं मांडीवर घेतलं आणि नुसता भातच खायला लागला, मान खाली घालून, भराभर. ताई त्याच्यासमोर ओल्या एप्रनातच बसल्या.

सोदामने मेणाच्या भाताकडे पाहिलं, मग बाबांच्या भांड्यात डोकावली.

"बाबा, हा पण खोटाच आहे ना?"

त्याच्या तोंडात घास होता. त्याने दुसरा घास चमच्यावर घेतला आणि तिच्या तोंडात घातला.