टोमॅटोचं पाणी

इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढल्या. मग एका सकाळी व्हिडिओ कॉलवर कळलं, की आमची अख्खी टीमच नको आहे. पन्नाशीत पुन्हा मुलाखती देताना मुलाच्या वयाच्या पोरांनी "एनर्जी आहे का?" विचारलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. लंडनच्या हाउन्सलो भागात ओळखीच्या एका नागपूरकराचं घरात झाडं वाढवायच्या सामानाचं दुकान होतं. दिवे, टाक्या, खतं, पाणी तपासायची साधनं. तिथे कामाला लागले. म्हटलं, चला, इथेही टेस्टिंगच.

"ताई, एकच रूल," त्याने बजावलं, "कस्टमर काय ग्रो करतोय, ते विचारायचं नाही."

विचारायची गरजच नव्हती. जो तो आपणहून टोमॅटो म्हणायचा.

एक म्हातारा, निवृत्त बसड्रायव्हर, जॅमच्या बरणीत नळाचं पाणी घेऊन आला. झाडांची पानं पिवळी पडत होती. मी पाणी तपासलं. आमच्याकडचं पाणी ते, किटलीत पांढरा थर धरणारं. पावसाचं पाणी साठवून त्यात मिसळा, असं सांगितलं, आम्लता सांभाळायचे थेंब दिले. वर म्हटलं, "पिकले की चार आणा हं. मी सार करीन." सार म्हणजे काय, तेही सविस्तर समजावलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

पुढच्या आठवड्यात त्याने खरंच टोमॅटो आणून दिले. एकावर सुपरमार्केटचं स्टिकर तसंच होतं. तो गेल्यावर मालक पोट धरधरून हसला आणि मग मला सगळं सांगितलं. घरी गांजा लावणं इथे गुन्हा, दिवे विकणं नाही. पण गिऱ्हाइकाने तोंडाने कबूल केलं, की दुकानही अडकतं, म्हणून विक्री तिथेच बंद. "हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी कडाडले. सार मात्र केलं. छान झालं.

म्हातारा येत राहिला. एकदा आला तो पानं हिरवी झाल्याची बातमी घेऊनच. थेंबांच्या नव्या बाटलीचे पैसे काढता काढता म्हणाला, "माझी बायको... तिचं दुखणं..."

मागून मालक खाकरला. मी घाईने म्हटलं, "प्लीज, इथे नको."

तो बाटली काउंटरवर ठेवून निघून गेला. काचेतून तो समोरच्या बसस्टॉपवर बसलेला दिसत होता. मला फार वाईट वाटलं. मी एप्रन काढला.

"ताई, कुठे?"

"लंचला."

"आत्ता तर शॉप उघडलंय!"

"मग ब्रेकफास्टला."

स्टॉपवर जाऊन मी म्हटलं, "इथे मी काही विकत नाही. त्या कशा आहेत, सांगा."

तो जमिनीकडे बघत बोलायला लागला. तिच्या पायांना चादरसुद्धा सोसत नाही. औषधांनी आता भागत नाही. डॉक्टरांना झाडांचं सांगायची भीती, मुलीला सांगायची लाज. "औषध फुलांत असतं, आणि झाडांना फुलं यायला अजून वेळ आहे," तो म्हणाला. "तोवर ती राहील का, हे मी कोणाला विचारू?"

त्याची बस आली, दार उघडलं. त्याने हात हलवून बस जाऊ दिली, आणि मी त्याच्या शेजारी बसले.