फोनमधली स्कार्फवाली बाई

आमच्या घरात फोन एकच. तो नवऱ्याचा होता; नवरा वारल्यावर फोन सकाळी माझ्याकडे आणि दुपारनंतर सासऱ्यांकडे राहू लागला. धावडा गावातल्या त्या घरात आम्ही तिघंच उरलो होतो: मी, सासरे आणि माझी पहिलीत जाणारी लेक. सासऱ्यांना अक्षर येत नाही, पण फोनला तोंडी सांगितलं की तो ऐकतो, हे लेकीनं त्यांना शिकवलं होतं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनशीही ते माळावरच्या माणसाला हाक मारावी तसे बोलायचे. ओसरीवर बसून बकऱ्यांच्या बाजाराचे व्हिडिओ मागायचे आणि कुठले कुठले बोकड बघत बसायचे. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली, पण डोळ्यांची सवय कुठं जाते?

नवरा गेला तेव्हा दवाखान्यात माझंही रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. तिथल्या ताईंनी शांतपणे सगळं समजावलं, पण त्यातलं माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. घरी मी सांगितलं, अंगात रक्त कमी आहे, रोज गोळी घ्यायची आहे. आमच्या नात्यातल्या एका बाईला याच आजारापायी माहेरी धाडलं होतं आणि मुलं ठेवून घेतली होती. मला मरणाची भीती तेवढी नव्हती. लेक तोडतील याची होती.

म्हणून मी फोनमध्ये शोधायला लागले. सकाळी भाकरी थापताना, कानात वायर घालून. आधी सगळं भलतंच सापडलं. एक जण झाडपाला विकत होता, दुसरा आजार मुळापासून काढतो म्हणून छाती ठोकत होता. असल्या मेल्यांना चुलीतल्या लाकडानं हाणावं. मग एक बाई सापडली. तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे दिसत होते. मलाही हे आहे, म्हणाली. रोज गोळी घेते, शेतात जाते, घरच्यांना रांधून घालते. एका ताटात जेवल्यानं, जवळ घेतल्यानं हे कुणाला होत नाही. माझ्या मुलीचं कॉलेज मी बघतेय, तुम्हीही तुमच्या मुलांचं बघाल. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही. त्या दिवशी मी लेकीला कितीतरी दिवसांनी माझ्या ताटात जेवायला घेतलं. मधल्या काळात ती बिचारी काही विचारत नव्हती, नुसती बघायची.

मग रोज मी त्या बाईला ऐकायचे. ऐकलं की बंद करायचे आणि समजायचे, झालं, गेलं. फोनला चुगलीची खोड असते हे मला कोण सांगणार? आपण एकदा बघितलेलं तो पुन्हा पुन्हा पुढे आणून ठेवतो. सासऱ्यांच्या बोकडांमध्ये माझी बाई जाऊन बसू लागली होती, आणि मला पत्ता नव्हता.

अलीकडे सासरे ओसरी सोडून गोठ्यामागे बसायचे. मला वाटलं, सावलीला बसत असतील. एकदा शेतातून येताना त्यांचा आवाज कानावर आला.

"बाई, ती पांढरी डबी आमच्या सुनेपाशी बी हाये. बराबर तसलीच."

फोन ऐकतो, म्हणजे फोनमधली बाईही ऐकत असणार, असा त्यांचा समज. बाईनं एकदा गोळ्यांची डबी हातात धरून दाखवली होती. उभ्या कळपातून आपलं मेंढरू ओळखणाऱ्या माणसाला डबी ओळखायला कितीसा वेळ लागणार? गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून हा माणूस गोठ्यामागे जाऊन बसतोय, एवढं तरी तेव्हा मला कळायला हवं होतं. पण मी तशीच घरात शिरले आणि लेकीचे कपडे पिशवीत भरायला लागले. कुणी तोडायच्या आत तिला घेऊन निघायचं, एवढंच डोक्यात होतं.

दिवेलागणीला सासरे आत आले. पिशवी त्यांना दिसली. मी नेहमीसारखं त्यांचं ताट वाढलं. सासरे जेवल्याशिवाय सुनेनं घास घ्यायचा नाही, अशी आमच्यातली रीत. त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"आधी तू जेव."

मी म्हटलं, "मामा, तुमचं होऊ द्या."

"न्हाई. पोटाला बराबर खात जा, गोळी चुकवू नको, आसं ती बाई सांगून राह्यली." मग पिशवीकडे बघत म्हणाले, "माझा लेक गेला, माय. आता तुमी दोघी बी जाल, तर मंग मी कुनाकडं बघू?"

मी जेवले. घास गिळताना रडत होते आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. हात धुवून मी त्यांच्यासाठी दुसरं ताट घ्यायला उठले, तर त्यांनी मला थांबवलं, माझं उष्टं ताट आपल्यापुढे ओढलं आणि म्हणाले, यातच वाढ.