विमानाच्या पत्रातली माझी पट्टी

आता आम्ही बदलापूरला फ्लॅटमध्ये राहतो आणि हे आतल्या खोलीतून मला मोबाईलवर 'चहा?' असा मेसेज पाठवतात. याच माणसाशी एकेकाळी दोन शब्द बोलायला मला विमानाची वाट बघावी लागायची.

लग्नाची हळद नीट उतरायच्या आतच हे मस्कतला गेले, फिटर म्हणून. जाताना उल्हासनगरहून नवी सुटकेस घेतली होती. तिचं हँडल विमानतळावरच निघालं, हे पहिल्या पत्रातून कळलं. अंबरनाथ पूर्वेच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं उरलो: सासूबाई, सासरे आणि मी. सासऱ्यांना सगळे दादा म्हणायचे. चाळीत फोन नव्हता, म्हणून सगळा कारभार एरोग्रामवर. पोस्टात मिळणारा निळा, कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद. लिहायचं, घड्या घालायच्या, कडेचा गोंद ओला करून चिकटवायचा, की त्याचंच पाकीट. आत दुसरी चिठ्ठी घालायला बंदी, त्यामुळे जागा होती तेवढीच.

त्या जागेची वाटणी दादा करायचे. वरचा भाग त्यांचा. मधला सासूबाईंचा, त्या सांगायच्या, दादा लिहायचे.

"सुके बोंबील पाठवू का, विचारा."

"अख्ख्या विमानात वास सुटेल."

"विचारायला काय जातंय?"

यात अर्धी जागा जायची. उरायची ती शेवटची दुमडायची पट्टी. ती माझी. मी लिहायचे, 'मी बरी आहे. जांभूळला माहेरी जाऊन आले. काळजी घ्यावी.' नवऱ्याला लिहितेय की ग्रामसेवकाला, कळू नये.

उत्तर आलं की दादा खुर्चीत बसून सुरीने कडा सोडवायचे आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या पट्टीपर्यंत मोठ्याने वाचायचे. ह्यांना ते माहीत असणारच, तरी एकदा ह्यांचा तोल गेला. दादा रंगात येऊन वाचत होते. पट्टीवर आले, "तुझी..." म्हणाले आणि खोकायला लागले. कान लालबुंद.

"काय झालं? वाचा ना पुढे," सासूबाई म्हणाल्या.

"अक्षर लागत नाही."

"आत्तापर्यंत लागत होतं ते?"

दादांनी चष्मा पुसला आणि एका दमात म्हणून टाकलं, "तुझी तब्येत कशी आहे. इथे ऊन फार. टोमॅटो महाग झालेत. भेंडी मिळते. कळावे."

"टोमॅटो? हा कधीपासून भाजी आणायला लागला?"

"परदेशात सगळं स्वतःच बघावं लागतं," असं म्हणत दादांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "कपाटात ठेव गं. नीट ठेव."

मी स्वयंपाकघरात जाऊन वाचलं. टोमॅटो कुठेच नव्हता. काय होतं ते सांगणार नाही. त्या दिवशी भात करपला, एवढं पुरे.

पुढच्या पत्रात सासूबाईंनी हट्टाने लिहायला लावलं, 'टोमॅटो महाग असतील तर आमटीत चिंच घाल.' दादांनी निमूट लिहिलं. ह्यांचं उत्तर आलं. मी मागे उभी होते, मला स्पष्ट दिसत होतं: 'आई टोमॅटोचं काय म्हणते ते समजलं नाही.' दादांनी मान वर न करता वाचलं, "टोमॅटो स्वस्त झाले म्हणतो." मी तोंडात पदर कोंबून मोरीत पळाले.

दुसऱ्या दिवशी दादा पोस्टातून दोन एरोग्राम घेऊन आले. एक माझ्यासमोर ठेवला.

"हे तुझं. चिकटवून दे मला. तिकडूनही तुझं वेगळं येईल, मी लिहितोय त्याला." मग सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकात मावत नाही हल्ली."

"मग मलाही वेगळं आणायचं!" सासूबाई आतून म्हणाल्या.

दुपारी मी खिडकीशी तो कागद घेऊन बसले. अख्खा माझा! पण सवय पट्टीची. तीन ओळी झाल्या आणि पेन थांबलं. मग ह्यांच्याशिवाय घरात कसं वाटतं, ते एकदा लिहिलं. खोडावंसं वाटलं, पण खोडलं नाही. त्यानंतर हात थांबेना. कडेने उभं लिहिलं, गोंदापर्यंत लिहिलं, सही करायलाही जागा उरली नाही. चिकटवून दादांकडे नेलं. पत्ता मात्र त्यांनीच घातला. माझं इंग्रजी अक्षर अरबांना लागणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.