दुपारी बंद असणारा फ्रिज

भाजी घेऊन परतताना कोपऱ्यावरचे औषधवाले काका दुपारचं दुकान बंद करताना दिसले. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं, वाकून आत हात घातला, मेन स्विच पाडला आणि रोजच्या सवयीने दुकानाला नमस्कार केला. आतल्या फ्रिजवरचा हिरवा दिवा विझला.

आईचं इन्सुलिन मी दोन वर्षं त्याच फ्रिजमधून नेते आहे. उष्णतेने त्याचा गुण उतरतो.

"काका, फ्रिजसुद्धा बंद?"

"चारपर्यंत कोण येतंय? दार उघडलं नाही की गारवा टिकतो. बिल किती उतरलंय म्हणून सांगू," ते समाधानाने म्हणाले.

त्यांच्यावर रागावताही येईना. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायची सवय मलाही आईनेच लावली. पण ज्यांच्यावर आपण डोळे मिटून विसंबतो, ती माणसं आपल्या माघारी काय काय बंद करत असतील, या विचाराने भर उन्हात अंगावर काटा आला. आईची साखर मध्येच का चढते, याचं उत्तर आम्ही तिच्याच ताटात शोधत होतो. "खरंच गं, पेढा नाही खाल्ला," असं ती काकुळतीने म्हणायची आणि मी तिच्या उशाचा डबा तपासायची.

घरी येऊन आधी फ्रिज उघडला. इन्सुलिनची बाटली हाताला गार लागली, अगदी नेहमीसारखी. दुकानातल्या दुपारच्या उकाड्याचं तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आतून आईची हाक आली, "जेवणाआधीचं इंजेक्शन देतेस ना गं?"