प्रोसेसरला लावलेलं हळदकुंकू

मुलीच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला मी हळदकुंकू लावलं, त्यामागचा हेतू अत्यंत शुद्ध होता. खंडेनवमी होती. आमच्या खामगावच्या घरात त्या दिवशी विळ्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं पुसून पूजेला लागतं. रसिकाचं ते भलंमोठं वर्कस्टेशनच तेवढं कसं वगळायचं?

रसिका आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. संग्रामपूरच्या आठवडी बाजारासाठी तिनं नवं शेड आखलं होतं. संध्याकाळी सहापर्यंत त्याचं कॉम्प्युटरवर तयार होणारं चित्र कॉलेजला ऑनलाइन गेलं नाही, तर वर्ष गेलं! ती सकाळी प्रिंट काढायला बाहेर पडली आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो.

पंखा काढला. खाली चौकोनी प्रोसेसर, आणि त्यावर राखाडी रंगाचा चिकट मळ. (एवढं महागाचं मशीन आणि आत ही घाण!) रॉकेलच्या फडक्यानं आरशासारखा लखलखीत केला, हळदकुंकवाची बोटं टेकवली आणि पंखा परत बसवला. फूल मात्र डब्याच्या बाहेरच ठेवलं. तेवढी अक्कल मला आहे.

बाजूला मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. हुबेहूब सारख्या! तीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला यात समजायला काय लागतं? एक मूळ प्रत, दुसरी झेरॉक्स. मुलीची सगळी मेहनत त्या मेमरीत, म्हणून मूळ प्रत रुमालात गुंडाळून गोदरेजच्या कपाटात ठेवली आणि झेरॉक्स कामाला लावली.

दुपारी रसिकानं मशीन सुरू केलं.

"आई, हे काऊन असं रांगून राह्यलं? मेमरी कमी पडते म्हनते!"

मला मनातून बरंच वाटलं. चला, मूळ प्रत सुरक्षित आहे! तेवढ्यात मशीन फट्कन बंद पडलं. सुरू केलं, पाच मिनिटांत पुन्हा बंद. चौथ्या वेळी रसिका रडायलाच लागली.

"बाबा, तुमी हात लावला का याले?"

"पूजा केली फक्त," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. पण तिच्याकडे बघवत नव्हतं. पोरीचं वर्ष माझ्या पायी चाललं होतं आणि माझ्या तोंडून खरं निघत नव्हतं.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे रवीभाऊ आले. पन्नाशीचा शांत माणूस. त्यांनी पंखा उचलला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"साहेब, हे कुंकू कोनं लावलं?"

"मी."

"अन् इथली पेस्ट?"

"कोणती पेस्ट? मळ होता तो. पुसला मी."

रवीभाऊंनी डोळे मिटले. "साहेब, प्रोसेसर म्हंजे राबनारा गडी. राबला का तापते. त्याची गरमी पंख्यापर्यंत न्याले ती पेस्ट असते. तुमी पेस्ट पुसली अन् कुंकू भरलं! आता तो जळू नये म्हून आपलाच बंद होते. अन् दुसरी रॅम कुठी हाये?"

"कपाटात," मी पुटपुटलो. "मूळ प्रत."

"मूळ प्रत?" बायको किंचाळली. "अहो, पोरीच्या मशीनचं तुमी तहसील करून ठेवलं!"

"साहेब, रॅम म्हंजे ओटा," रवीभाऊ थकलेल्या आवाजात म्हणाले. "सैपाक चालू हाये तोवर सामान मांडाचं. लाइट गेली का ओटा साफ. फायली डिस्कमधी असतात, ते कोठार. तुमी पोरीचा अर्धा ओटा कपाटात ठेवला."

मी निमूटपणे कपाट उघडलं. रवीभाऊंनी कुंकू पुसलं, नवी पेस्ट लावली, दोन्ही पट्ट्या बसवल्या. मशीन घुमायला लागलं. आम्ही चौघं पडद्यासमोर बसलो. बाजाराचं शेड वरून खाली इंचाइंचानं उमटत होतं. श्वाससुद्धा मी बेतानंच घेत होतो. सहाला दहा मिनिटं कमी असताना चित्र पूर्ण झालं आणि पाच कमी असताना कॉलेजला पोचलं.

रसिका खुर्चीत तशीच डोळे मिटून पडली. माझ्याकडे तिनं पाठच केली होती. बायकोनं चहा आणला.

"रवीभाऊ, आता आलेच आहा तं ह्यांचं डोकंई पाहून द्या एकडाव. लय तापते."

रवीभाऊंनी कपावरून मला न्याहाळलं. "वहिनी, लय जुनं मॉडेल हाये. याचे पार्ट नाही भेटत आता."

रसिका खुदकन हसली. मग पोट धरून हसली. माझ्या जिवात जीव आला. मी हळूच कपाळाला हात लावून पाहिला, तर खरंच चांगलं गरम लागत होतं, आणि पंख्याचा आवाज काही येत नव्हता!