आंतरविद्याशाखीयची खूण

नंदिनीला बोलण्याआधी खुणा आल्या. वडील, लहानू, जन्मापासून बहिरे, हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला. त्यांच्याशी हातांनी गप्पा मारत ती मोठी झाली आणि पुढे तेच तिचं काम झालं. धरमपेठेतल्या एका कॉलेजात, ऐकू न येणाऱ्या मुलांना ती प्राध्यापकांचं बोलणं खुणांनी सांगते.

त्या दिवशी नव्या अभ्यासक्रमाची ओळख करून देताना सर म्हणाले, "आंतरविद्याशाखीय." या शब्दाला तिच्याकडे खूणच नव्हती. ती एकेक अक्षर बोटांनी मांडू लागली, तोवर सर तलावाच्या उदाहरणावर पोचलेही होते. पाण्याचं रसायन, काठच्या वस्तीचा इतिहास, मासेमारांचा धंदा, सगळं एकत्र शिकायचं. नंदिनीने घाईत 'कालवणे'ची खूण केली.

पहिल्या बाकावरच्या करिष्माने हातांनीच विचारलं, "मग वेगळं काहीच उरत नाही?"

"उरतं," नंदिनीने सांगितलं. पण कसं, ते तिला दाखवता येईना.

रविवारी जेवून ती आडवी झाली. ऊन पायांवर पसरलं होतं. अर्धवट झोपेत तिला हिंगण्याच्या कारखान्याचं फाटक दिसलं. पाळी बदलत होती. एक घोळका आत निघालेला, एक बाहेर, आणि आवाज कशाचाच नाही. माणसं एकमेकांमधून जाताना जराशी थांबत, एकमेकांच्या हातात काहीतरी ठेवत आणि आपापल्या वाटेने तरंगत निघत.

"झोपेत काहून हात हलवून राहिली वं?" आई, सिंधूताई, विचारत होती. नंदिनीने डोळे उघडले नाहीत. विसरू नये म्हणून हात तसेच हलवत राहिली.

सोमवारी तिने करिष्माला दाखवलं: दोन्ही हातांची बोटं समोरासमोर येतात आणि एकमेकांमधून पार जातात. करिष्माने नकारार्थी मान हलवली. स्वतःची बोटं तिने मधेच गुंतवली, किंचित दाबली, मग सोडली.

"न थांबता देणार-घेणार कसं?" तिने विचारलं.

स्वप्नाबद्दल नंदिनी तिला एक अक्षर बोलली नव्हती. तिनेही आपली बोटं तशीच गुंतवली, दाबली, सोडली.

पुढच्या वर्षी वर्ध्याहून ऐकू न येणारी एक मुलगी कॉलेजात आली. ओळख होताच तिने नंदिनीसमोर तशीच बोटं गुंतवली. "ताई, ही खूण नवीन आहे. तुम्हाला माहीत नसेल."

"सांग ना," नंदिनी हातांनी म्हणाली.

मुलगी खुलली. एक हात शेती, दुसरा हवामान, असं समजावत तिने बोटं हळूच एकमेकांत गुंतवून सोडली. नंदिनी बाकावर टेकून बघत राहिली.