पिंपावरची रेघ

पुण्यात मी भाड्याने राहत होतो ती इमारत सगळं करून देणारी होती. कपडे इस्त्री होऊन दारात यायचे, रोज झाडलोट व्हायची, बल्ब गेला तर खाली फोन केला की माणूस हजर. शिवाय नळाला चोवीस तास पाणी. या शेवटच्या गोष्टीवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

मी गेवराईजवळच्या उमापूरचा. लागोपाठ तीन उन्हाळे टँकरवर काढलेले. त्यात वडील गावातल्या सहकारी दूध डेअरीचे सचिव. रोज सकाळी प्रत्येक किटलीत काचेची नळी सोडून दुधात पाणी आहे का बघायचे. गावात प्यायला पाणी नव्हतं तेव्हाही बघायचे. "घालायला पाणी हाय कुटं?" म्हणून लोक चिडायचे. वडील म्हणायचे, "आधी किटली उघड." हा स्वभाव मी सोबत घेऊन शहरात आलो. गाव कुठलं, हे मात्र इमारतीत कुणाला कळू दिलं नाही.

न्हाणीघरात मी एक मोठं निळं पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं. आज ना उद्या नळ दगा देणार, याची खात्रीच होती. महिनाभराने पिंप वीतभर रिकामं दिसलं. भरलं, पुन्हा कमी झालं. माझ्यामागे घरात यायची ती फक्त सफाईची बाई; दुसरी किल्ली तिच्याकडे. मग मला डब्यातली साखरही कमी वाटू लागली. मी पिंपाच्या आत मार्करने बारीक रेघ मारली. दोन दिवसांत पाणी रेघेच्या खाली. मला चक्क आनंद झाला, आज सांगायला लाज वाटते.

मी मॅनेजरला गाठलं. त्याने तिला माझ्यासमोरच बोलावलं.

"पानी म्याच काढलं, साहेब," ती म्हणाली. "आळ्या झालत्या त्यात. पर एवढं पानी मोरीत कसं ओतावं? रोज थोडं थोडं गाळून जिन्यातल्या कुंड्यांला घातलं."

"गाव कुठलं तुमचं?" मॅनेजरने विचारलं.

"गेवराईकडलं. ऊस तोडाया जायचो आमी. तिकडं पानी सांडलं तर मार बसायचा."

ती बोलत होती ती माझ्या आईची बोली होती.

मॅनेजर मला म्हणाला, "भाडेकरूच्या वस्तूला हात लावायचा नाही, असा नियम आहे. लेखी दिलंत तर हिला कामावरून काढतो. नाहीतर समज देऊन सोडतो. तुम्ही सांगाल तसं."

तिला वाचवायला माझं एक वाक्य पुरेसं होतं. पण ते बोललो असतो तर तोंडातून गावच बाहेर पडलं असतं, आणि टँकरमागे कळशी घेऊन पळणारा पोरगा सगळ्यांना दिसला असता. मी कागद घेतला आणि सही केली. तिने किल्ली टेबलावर ठेवली.

नवी बाई शिस्तीची होती. आळ्या होऊ नयेत म्हणून मॅनेजरच्या सांगण्यावरून दर सोमवारी ती पिंप मोरीत उपडं करायची. एकदा मी घरीच होतो. पाणी भसाभस वाहून जाताना ऐकलं आणि तिला थांबवायला धावलो. "काय झालं, सर?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.